माजी ग्रंथालय कर्मचाऱ्यांचं स्मारक : हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

सार्वजनिक ग्रंथालयाच्या भिंतींवर नावं पुष्कळ असतात, पण बहुतेक देणगीदारांची आणि उद्घाटकांची. वर्षानुवर्षं देवघेवीच्या खिडकीत बसलेल्या माणसाचं नाव सहसा कुठेच नसतं. मग कुणी निवृत्त होतं, कुणी जातं, आणि वाचकांतून किंवा सहकाऱ्यांतून सूचना येते, "त्यांच्या नावाने काहीतरी करू या." कार्यकारी मंडळ मान डोलावतं आणि काम एखाद्या नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. हा लेख त्या माणसासाठी आहे.

या कामात सगळ्यांचा जीव पाटीत अडकलेला असतो : पितळी की दगडी, कुठे लावायची, अनावरण कोणाच्या हस्ते. खरं अवघड काम पाटीच्या आधी आणि नंतर असतं. आधी त्या माणसाने नेमकं काय केलं ते शोधायचं, नंतर स्मारकाची नोंद आणि देखभाल लावून द्यायची. पाटी मधल्या एखाद्या आठवड्यात होऊन जाते.

पायरी १ : थोडं थांबा, आणि नियम लिहून काढा

मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवसांत शोकसभा घ्या, वाचनकक्षात आठवणी लिहायला एक वही ठेवा, वर्तमानपत्रांतली कात्रणं जमवा. कायमच्या स्मारकाचा निर्णय मात्र तेव्हा घेऊ नका. निदान सहा महिने, जमल्यास वर्षभर जाऊ द्या. भावनेच्या भरात खोलीला नाव द्यायचा ठराव होतो आणि पुढे त्या खोलीचं काय करायचं हे कुणालाच ठरवता येत नाही.

थांबलेल्या काळात एक पानभर नियम तयार करून मंडळाकडून मंजूर करून घ्या. नाव कोण सुचवू शकतं, निर्णय कोण घेतं, कोणत्या कामाचा विचार होतो, खर्च कोणाचा, स्मारक किती काळासाठी, आणि ते हलवण्याचा किंवा काढण्याचा अधिकार कोणाकडे. शेवटचे दोन मुद्दे लिहिताना लोक अडखळतात, अपशकुन केल्यासारखं वाटतं. तरी लिहाच. शिवाय एका माणसासाठी जे कराल ते पुढच्या प्रत्येकाच्या वेळी मागितलं जाणार आहे, म्हणून पहिल्याच वेळी झेपेल इतकंच करा.

माजी कर्मचारी म्हणजे दिवंगतच असं नाही. ज्यांच्या नावाने काही करायचं आहे ते हयात असतील तर आधी त्यांनाच विचारा. काहींना आपलं नाव भिंतीवर नको असतं, पण आपण लावलेली वाचनाची तासिका चालू राहावी असं मनापासून वाटत असतं. हे कळलं की निम्मं काम झालं.

पायरी २ : कोणाकोणाचं?

मुख्य ग्रंथपालाचं नाव सगळ्यांना पटकन आठवतं. पण फाटलेली पुस्तकं शिवणारा बांधणी कारागीर, फिरत्या वाचनालयाची गाडी चालवणारा, रोज सकाळी पुस्तकांचे घोडे (मांडण्या) पुसून पुस्तकं जागेवर लावणारा शिपाई, यांच्याशिवाय ग्रंथालय आठवडाभरही चाललं नसतं. हुद्द्याची अट घालू नका. सेवेच्या वर्षांची अट सोपी वाटते, पण नोकरीच्या तिसऱ्याच वर्षी गेलेला माणूस तिच्यात बसत नाही. म्हणून अट घालायचीच तर अपवादाची वाट मोकळी ठेवा.

लहान ग्रंथालयाला माझा सल्ला असा की एकेकट्या पाट्यांच्या फंदात पडू नये. सगळ्यांचा मिळून एक फलक करावा आणि त्यात पुढच्या नावांसाठी जागा सोडावी. सामूहिक फलकाची परंपरा जुनी आहे. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या दर्शनी भिंतीवर पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या तिथल्या कर्मचाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्या युद्धात मरण पावलेल्या ब्रिटिश ग्रंथपालांचा वेगळा स्मृतिफलक १९२४ मध्ये उभा राहिला. तो आता ब्रिटिश लायब्ररीत आहे.

सामूहिक फलकाची डोकेदुखी एकच : यादी. कार्यालयातल्या सेवापुस्तकांत हंगामी आणि रोजंदारीची माणसं नसतात. म्हणून जुने हजेरीपट, पगारपत्रकं, वार्षिक अहवाल, मंडळाच्या सभांची इतिवृत्तं आणि दाखल नोंदवह्यांमधल्या (आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे नोंदतात त्या वह्यांमधल्या) सह्या चाळा. जुनी तालिकापत्रं, म्हणजे प्रत्येक पुस्तकाची माहिती लिहिलेली कार्डं, फेकून दिलेली नसतील तर त्यांवरची हस्ताक्षरं निवृत्त सहकाऱ्यांना दाखवा. अक्षर पाहून नाव सांगणारं कुणीतरी हमखास भेटतं. तयार झालेली यादी महिना-दोन महिने सूचनाफलकावर लावून ठेवा आणि वर ठळक लिहा, "कोणाचं नाव राहिलं आहे का?" यादी अपुरी राहणारच. ती भिंतीवर कोरण्याआधी अपुरी असल्याचं कळलेलं बरं.

जाता जाता एक गंमत. ग्रंथालयाच्या माजी 'कर्मचाऱ्यां'मध्ये जगभर सर्वांत जास्त लोकांना ठाऊक असलेलं नाव बहुधा एका मांजराचं असेल. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या स्पेन्सर या गावी १९८८ च्या जानेवारीत पुस्तकं परत टाकण्याच्या पेटीत एक पिल्लू सापडलं. ड्यूई नावाने ते २००६ पर्यंत त्या सार्वजनिक ग्रंथालयात राहिलं. मांजराला जमलं ते माणसांना का जमत नाही, हा प्रश्न मंडळाच्या सभेत विचारायला हरकत नाही.

पायरी ३ : घरच्यांशी आणि सहकाऱ्यांशी बोला

घरच्यांची लेखी संमती घ्या. नाव कसं लिहायचं हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या : ऱ्हस्व-दीर्घ, वडिलांचं किंवा पतीचं नाव हवं की नको, माहेरचं आडनाव, घरात आणि वाचकांत रूढ असलेलं हाकेचं नाव. आजारपण, मृत्यूचं कारण, जन्मसाल यांतलं काय जाहीर व्हावं हेही विचारा. फोटो घ्याल तर मूळ प्रत चांगल्या दर्जाने स्कॅन करून लगेच परत करा, आणि तो कुठे कुठे वापरणार ते सांगा.

घरच्यांना तो माणूस घरातला ठाऊक असतो. ग्रंथालयातला माणूस सहकाऱ्यांना आणि वाचकांना ठाऊक असतो. दोघांकडून सारखंच ऐका, पण कामाबद्दलचा मजकूर दुसऱ्या गटाच्या सांगण्यावर बेता. आणि सहकाऱ्यांना "ते कसे होते?" असं विचारू नका. उत्तर "फार चांगले होते" एवढंच येतं. "ते रजेवर असले की कोणतं काम अडायचं?" असं विचारून पाहा.

पायरी ४ : रूप ठरवा

इथे घाई करू नका. स्मारकाचं रूप त्या माणसाच्या कामातून निघालं तर ते वाचकांना समजावून सांगावं लागत नाही. काही उदाहरणं पाहा.

आर्तुरो शॉमबर्ग यांनी जमवलेला कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा संग्रह १९२६ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडे आला. १९३२ पासून १९३८ मध्ये निधन होईपर्यंत ते स्वतःच त्या संग्रहाचे अभिरक्षक, म्हणजे तो सांभाळणारे प्रमुख, होते. १९४० मध्ये संग्रहाला त्यांचं नाव मिळालं आणि आज ते एका मोठ्या संशोधन केंद्राचं नाव आहे. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात व्हिवियन हार्श १९०९ मध्ये कनिष्ठ कारकून म्हणून लागल्या. १९३२ मध्ये उघडलेल्या शाखेच्या त्या प्रमुख झाल्या आणि तिथे त्यांनी पुस्तकागणिक एक खास संग्रह उभा केला. तोही आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दोघांच्याही बाबतीत त्यांनी उभं केलेलं कामच स्मारक झालं. वेगळं काही बांधावं लागलं नाही.

दुसरी वाट पुरस्काराची. पुरा बेलप्रे १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात रुजू झाल्या. मुलांना त्या स्पॅनिश आणि इंग्रजीत गोष्टी सांगत, बाहुल्यांचे खेळ करत. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९९६ पासून लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) लेखक-चित्रकारांच्या बालसाहित्याला दिला जातो. बॉल्टिमोरच्या मार्गारेट एडवर्ड्स यांनी किशोरवयीन वाचकांसाठी आयुष्य वेचलं, घोडागाडीत पुस्तकं घालून वस्त्यांमध्ये नेली. त्यांच्या नावाचा पुरस्कार किशोरांसाठी लिहिणाऱ्यांना मिळतो. पण हे पुरस्कार चालवायला मोठ्या संघटना मागे उभ्या आहेत. एकट्या ग्रंथालयाने सुरू केलेला वार्षिक पुरस्कार चौथ्या-पाचव्या वर्षी परीक्षक मिळेनात म्हणून बंद पडण्याचीच शक्यता जास्त. तुमच्याकडे हात कमी असतील तर या वाटेला जाऊ नका.

संपूर्ण ग्रंथालयाला कर्मचाऱ्याचं नाव मिळणं विरळा, पण तसंही झालेलं आहे. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या ग्रंथालयात तत्त्वज्ञ आणि गणितज्ञ लाइबनिट्स १६७६ पासून १७१६ पर्यंत ग्रंथपाल होता. त्याचं नाव त्या ग्रंथालयाला अधिकृतपणे मिळालं २००५ मध्ये. सहा महिने थांबा म्हटल्यावर कुणी कुरकुर केली तर हा हिशोब दाखवा.

सर्वसाधारण ग्रंथालयाच्या आवाक्यातली रूपं म्हणजे नावाचं कपाट किंवा छोटा संग्रह, पुस्तकखरेदीचा निधी, वार्षिक व्याख्यान, बालविभागातला गोष्टींचा तास, बाहेरचं बाक, झाड, आणि पाटी. बाक आणि झाड लोकांना आवडतात, पण झाडाला पहिली काही वर्षं पाणी कोण घालणार हे आधी ठरवा आणि मुळं इमारतीच्या पायापर्यंत जाणार नाहीत इतक्या अंतरावर लावा. झाड मेलं तर दुसरं लावायचं का, याचं उत्तर लेखी हवं. मेलेल्या झाडापाशी उभी पाटी घरच्यांना फार लागते.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचं रूप म्हणजे मुलाखती. निवृत्त कर्मचाऱ्यांचा आवाज ते हयात असतानाच ध्वनिमुद्रित करा : तालिका कशी बनवायचे, पुरात किंवा आगीत पुस्तकं कशी वाचवली, कोणते वाचक रोज यायचे. ध्वनिमुद्रण संकोचन न केलेल्या (आवाजाचा दर्जा कमी न करणाऱ्या) स्वरूपात साठवा, निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि वापराची परवानगी त्याच दिवशी सही करून घ्या. नंतर वारसांकडून ती मिळवताना नाकी नऊ येतात.

पायरी ५ : पैसा

वर्गणी काढण्याआधी दोन आकडे काढा : उभारणीचा खर्च, आणि दरवर्षीचा. लोक पहिला आकडा काढतात आणि दुसरा विसरतात. निधी उभारायचा असेल तर मूळ ठेव अबाधित ठेवून फक्त व्याज खर्च करायचं, ही पद्धत सुरक्षित. मात्र महागाईने ठेवीची किंमत घटत जाते, म्हणून व्याजातला काही भाग दरवर्षी मुद्दलात परत टाकण्याची तरतूद करा. आणि ठेव इतकी लहान असेल की व्याजात वर्षाला एखादंच पुस्तक येईल, तर सरळ सांगा की ही रक्कम आम्ही पाच वर्षांत पुस्तकांवर खर्च करू आणि प्रत्येक पुस्तकावर नाव घालू. अशी मुदतीची स्मारकं प्रामाणिक असतात.

मोठी देणगी देणाऱ्याशी साधा लेखी करार हवा. निधीचा हेतू शक्य तितका मोकळा ठेवा. "ध्वनिफितींच्या खरेदीसाठी" असा हेतू लिहिलेला निधी ध्वनिफिती संपल्यावर कुलूपबंद होऊन बसतो. "बालवाचकांसाठी साहित्य" असं लिहिलं तर पुढच्यांचे हात बांधले जात नाहीत.

पायरी ६ : मजकूर

पाटीवरचा मजकूर चाळीस शब्दांच्या आत ठेवा आणि विशेषणं काढून टाका. "कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, ग्रंथप्रेमी, वाचकांचे आधारस्तंभ" हे कोणाच्याही पाटीवर चालतं, म्हणूनच कोणाचंच वर्णन करत नाही. त्याऐवजी काम सांगा. समजा कुणी बालविभागात होतं, तर : "यांनी बालविभागाची सगळी तालिकापत्रं स्वतःच्या हाताने लिहिली. दर शनिवारी या खिडकीपाशी मुलांना गोष्टी सांगितल्या." वाचणारा त्या खिडकीकडे वळून पाहतो. पाटीकडून याहून जास्त काही मागू नये.

तारखा आणि हुद्दे कागदपत्रांशी ताडून घ्या, आठवणींवर विसंबू नका. "पहिले", "सर्वांत जुने", "एकमेव" हे शब्द पुरावा हातात असल्याशिवाय वापरू नका. नावामागे उपाधी लावायच्या तर सगळ्यांना लावा, नाहीतर कोणालाच नको. सामूहिक फलकावर नावांचा क्रम वर्णानुक्रमे किंवा सेवेच्या वर्षांनुसार ठेवा, हुद्द्यानुसार नको. अनावरण करणाऱ्याचं नाव कर्मचाऱ्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत येणार नाही, हेही ठरावातच घाला. ऐन वेळी ते सांगायची हिंमत कोणाला होत नाही.

देवनागरी मजकुराची एक खास अडचण आहे. पाट्या करणाऱ्यांकडे बऱ्याचदा जुने, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेले फाँट असतात, त्यामुळे तुम्ही पाठवलेला मजकूर तिथे पुन्हा टाइप होतो किंवा रूपांतरित होतो. त्यात रफार सरकतो, जोडाक्षरं तुटतात, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते. म्हणून तुमच्या मूळ फाइलवर विसंबून होकार देऊ नका. कोरायला जाणाऱ्या अंतिम मांडणीची कागदावर मूळ आकारात छपाई मागा आणि ती दोन वेगळ्या माणसांना मोठ्याने वाचायला लावा. त्यांतला एक जण घरचा असावा.

पायरी ७ : साहित्य आणि जागा

पितळ आत शोभतं. बाहेर ते काळवंडतं, आणि दर वेळी घासून कोरलेली अक्षरं उथळ होत जातात. बाहेरच्या जागेसाठी ग्रॅनाइट किंवा अक्षरं खोल कोरलेलं स्टेनलेस स्टील जास्त सोयीचं. अ‍ॅक्रिलिक स्वस्त पडतं आणि त्यावर ओरखडेही लवकर पडतात. बाहेरची धातूची पाटी केवळ चिकटवू नका, भंगारासाठी ती उचलली जाते. सहज न निघणारे स्क्रू वापरा.

अक्षरांच्या आकाराचा ढोबळ नियम असा : ३ मीटरवरून आरामात वाचायचं तर अक्षर साधारण २५ मिलिमीटर उंच हवं. जवळून वाचायच्या पाटीला १० मिलिमीटर पुरतात, पण देवनागरीत वर-खाली मात्रा-उकार असतात, म्हणून ओळींमध्ये जास्त जागा सोडा. चकचकीत पृष्ठभागावर उजेड पडला की काहीच वाचता येत नाही, तेव्हा मंद पोत निवडा. पाटी उभ्या माणसालाही वाचता यावी आणि चाकाच्या खुर्चीतल्यालाही. तिच्यासमोर पुस्तकांची ढकलगाडी उभी करायची सवय असेल तर जागा बदला.

मूळ फोटो किंवा हस्तलिखित तालिकापत्र कायमचं मांडून ठेवू नका. कागद आणि छायाचित्रं उजेडाने विटतात. संग्रहालयांत अशा वस्तूंसाठी ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच प्रकाश ठेवतात आणि वाचनकक्षात त्याच्या कितीतरी पट असतो. प्रदर्शनात चांगली प्रत ठेवा, मूळ वस्तू पेटीत.

पुस्तकांवर नावाची बुकप्लेट (आत चिकटवायची छापील चिठ्ठी) लावणार असाल तर ती आम्लमुक्त कागदावर छापा आणि खळीने किंवा आम्लविरहित गोंदाने मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला लावा. पारदर्शक चिकटपट्टी कधीच नको. ती पिवळी पडते, सुटते आणि मागे डाग ठेवते. दुर्मिळ पुस्तकांवर काहीच चिकटवू नका.

पायरी ८ : नोंद

नोंद नसलेलं स्मारक म्हणजे दाखल न केलेलं पुस्तक. कपाटात असतं, पण मागितलं तर सापडत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पाचवं सांगतं की ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. वाढणारी संस्था भिंती पाडते, विभाग हलवते, इमारत बदलते. त्या धामधुमीत पाटी आधी खाली उतरते, मग तळघरात जाते.

म्हणून प्रत्येक स्मारकाची एक फाइल करा : ठराव, संमतीपत्र, करार, अंतिम मजकूर, पाटीचं मोजमाप आणि साहित्य, बनवणाऱ्याचं बिल, चारही बाजूंचे फोटो, आणि देखभाल कोणत्या पदाकडे आहे. पद लिहा, व्यक्तीचं नाव नको, कारण व्यक्ती निवृत्त होते. ही फाइल ग्रंथालयाच्याच संग्रहात नोंदवा.

स्मृतिनिधीतून घेतलेल्या पुस्तकांची माहिती तालिकेतही (ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीतही) जाऊ द्या. मार्क नोंदीत (संगणकावरच्या तालिकेच्या प्रमाण नमुन्यात) पुस्तक कसं आणि कुठून मिळालं यासाठी ५४१ आणि मालकीच्या इतिहासासाठी ५६१ ही क्षेत्रं आहेत. काही ग्रंथालयं यासाठी स्थानिक क्षेत्र वापरतात. कोणतंही वापरा, पण सगळ्यांनी तेच वापरा आणि नाव प्रत्येक वेळी एकसारखं लिहा, म्हणजे त्या नावाने शोधल्यावर सगळी पुस्तकं एकत्र दिसतील. निर्लेखनाचं, म्हणजे पुस्तक संग्रहातून काढून टाकण्याचं, काय, हा प्रश्न घरचे आज ना उद्या विचारतातच. फाटलेलं किंवा कालबाह्य झालेलं पुस्तक काढून त्याच निधीतून नवं घेऊ, हे उत्तर आधीच करारात असू द्या.

पायरी ९ : अनावरण

छोटं ठेवा. निवृत्त सहकाऱ्यांना बोलवा, त्यांना बसायला खुर्च्या द्या, भाषणं दोनच. ग्रंथालय त्या दिवशी वाचकांसाठी चालू ठेवा.

पायरी १० : पाच वर्षांनी

तारीख आजच नोंदवून ठेवा. त्या दिवशी फाइल उघडायची, पाटीपुढे जायचं, निधीचा हिशोब पाहायचा, नवी नावं घालायची, घरच्यांचा पत्ता बदलला असेल तर तो दुरुस्त करायचा.

कधीकधी पुनर्विचाराची वेळ येते. मेल्व्हिल ड्यूई हा दशांश वर्गीकरणाचा, म्हणजे पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावण्याच्या पद्धतीचा, जनक आणि अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या संस्थापकांपैकी एक. संघटनेचं मोठं पदक त्याच्या नावाचं होतं. ज्यू आणि कृष्णवर्णीयांना दूर ठेवणारं त्याचं धोरण आणि स्त्रियांशी केलेलं गैरवर्तन या कारणांनी संघटनेने २०१९ मध्ये पदकावरून त्याचं नाव काढण्याचा ठराव केला. वर्गीकरण मात्र जगभर चालू आहे. तुमच्यापुढे इतका मोठा प्रसंग बहुधा येणार नाही, पण तक्रार आली तर ती कोणाकडे जाईल, कोणती कागदपत्रं पाहिली जातील, घरच्यांना कोण आणि केव्हा कळवेल, हे पहिल्या पायरीतल्या त्या पानभर नियमांत असेल तर निर्णय शांतपणे होतो. नाव काढायचं ठरलं तर पाटी रद्दीत घालू नका. ठरावाची प्रत जोडून ती त्याच फाइलीसोबत संग्रहात ठेवा आणि तालिकेतल्या जुन्या नोंदी जशाच्या तशा राहू द्या.